रबराच्या पुस्तकाचं बारसं

पुस्तकाला नाव ठेवणं आणि पुस्तकाला नावं ठेवणं यांत फरक एका टिंबाचा. पहिलं काम मी म्हैसूरच्या लष्कर मोहल्ल्यातल्या एका छापखान्यात जवळजवळ चाळीस वर्षं केलं. दुसरं काम करायला लोक आपण होऊन येत, त्यांना पगार द्यावा लागत नसे.

माझे पणजोबा घोड्यावर बसून या मुलखात आले. त्यांची तलवार घरात होती, पण घोडा गेला आणि शिपाईगिरीही गेली, तेव्हा मी खिळे जुळवायला लागलो. बाहेरच्यांसाठी सांगतो. शिशाच्या एकेका तुकड्यावर एकेक उलटं अक्षर असतं, त्याला खिळा म्हणतात. खिळे हातानं वेचून ओळ भरायची, ओळींचं पान बांधायचं, शाई लावून कागद दाबायचा. दिवसभर उलटी अक्षरं वाचल्यामुळे सुलटी अक्षरं वाचताना मला संशय येतो, ही खोड अजून गेलेली नाही. पुढे मी जुळाऱ्यांचा मुख्य झालो आणि पुस्तकांची नावं ठरवणं माझ्याकडे आलं. कारण सोपं होतं. छापखान्यात मराठी कळणारा मी एकटाच.

मालक शिवण्णा कन्नड बोलणारे. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, आवाज मोठा, मन त्याहून मोठं. संस्कृत स्तोत्रं छापून छापून त्यांना देवनागरी अक्षर लावून वाचता येई, पण वाचलेल्याचा अर्थ कळत नसे. मराठी पुस्तकाचं मुद्रित हातात घेऊन ते मंत्र म्हणावा तसं मोठ्यानं वाचत आणि “तुंबा ओळ्ळे पुस्तक” म्हणजे फार चांगलं पुस्तक, असा शेरा देत. हा शेरा सगळ्याच पुस्तकांना मिळे. त्यांचा नियम एकच होता, आपल्या छापखान्यातून कुणाची निंदा बाहेर पडता कामा नये. पूर्वी एका अंमलदाराची टर उडवणारं चोपडं त्यांनी न कळता छापलं होतं आणि त्यापायी महिनाभर कचेरीच्या पायऱ्या झिजवल्या होत्या.

नावाचं महत्त्व मला फार उशिरा समजलं. एका गणिताच्या मास्तरांनी अंकगणिताच्या पुस्तकाला ‘गणितसागरनौका’ नाव दिलं, तर ते पुस्तक दुकानदारानं प्रवासवर्णनांत ठेवलं. एका वैद्यांनी मूळव्याधीवरच्या पुस्तकाचं नाव ‘सुखासन’ ठेवलं, ते योगाभ्यासी लोकांनी विकत घेतलं आणि पहिल्या पानावर मिटलं. पण ज्या पुस्तकाच्या नावानं माझी झोप घालवली, ते रबराचं.

त्या दिवसांत रबराची हवा होती. मोटारी नव्या नव्या निघाल्या होत्या, त्यांच्या चाकांना रबर लागे आणि रबराची झाडं मलायात. तिथल्या मळ्यांचे भाग, म्हणजे शेअर, विकणारा एक एजंट बंगळुराहून म्हैसुरात येऊन राहिला होता. डोक्यावर सोला टोपी, हातात फोटोंची पेटी, बोलणं कन्नड आणि इंग्रजी. फोटोंत झाडांच्या रांगा, बंगला, बंगल्यापुढे कुत्रा. म्हैसुरातले पेन्शनर ते फोटो पाहून असे मऊ होत की जणू कुत्राही आपल्याच नावावर होणार आहे. एजंटाची जाहिरातपत्रकं आमच्याच छापखान्यात कन्नडात छापली जात, त्यामुळे शिवण्णांचा त्याच्यावर फार लोभ.

अशा वेळी व्यंकटराव आले. तिशी ओलांडलेले, पण मलेरियानं पन्नाशीचे दिसणारे. आमच्याच मोहल्ल्यातले, माझ्यासारखेच जुन्या शिपाई घराण्यातले. मलायातल्या एका रबराच्या मळ्यावर सात वर्षं किराणी, म्हणजे लिहिणारा कारकून, म्हणून राहून परत आलेले. सात वर्षं मळ्यावर बोलायला माणूस नसल्यामुळे त्यांची बोलायची सवयच गेली होती. एक वाक्य बोलले की घाम पुसत. त्यांनी मोडी लिपीत लिहिलेली जाडजूड वही माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, हे छापायचं आहे, माझं नाव घालू नका, ‘एक अनुभवी’ एवढंच घाला.

मी वही घरी नेऊन वाचली. दोन दिवस दुसरं काही सुचलं नाही. माणूस बोलत नव्हता, पण लिहीत असा होता की जळवा आपल्याच पायाला लागल्यासारख्या वाटाव्यात. रबराचं झाड लावल्यावर पहिली सहा-सात वर्षं चीक देतच नाही, हे त्यात होतं. तोवर भागवाल्यांना कुठल्या फोटोंवर जगवतात, हेही होतं. एकाच मळ्याचे फोटो तीन निरनिराळ्या मळ्यांचे म्हणून कसे पाठवले जातात ते त्यांनी स्वतःच्या हातानं पाकिटं चिकटवून पाहिलेलं होतं. शिवी कुठंच नव्हती. शेवटी एवढाच सल्ला होता, जमीन पाहिल्याशिवाय तिच्यात पैसा घालू नका, आणि ती पाहायला जाता येत नसेल तर ती तुमची नव्हे.

वही फार छान आहे असं मी त्यांना सांगितलं, तेव्हा त्यांनी खरी गोष्ट सांगितली. त्यांचे मामा खंडेराव, राजवाड्याच्या पागेतून निवृत्त झालेले, मेटगळ्ळीकडची आपली शेती विकून या एजंटाकडे मलायातले भाग घ्यायला निघाले होते. मामींचा विरोध होता, पण मामांचं म्हणणं, आपल्या व्यंकटानंच सात वर्षं पत्रांतून लिहिलं आहे की मळा फार चांगला, हवा फार चांगली, मी फार खुशाल.

“आईला काळजी नको म्हणून लिहीत होतो,” व्यंकटराव म्हणाले. “आता खरं सांगतो तर मामा म्हणतात, तापानं तुझं डोकं फिरलंय. माझ्या हातचं पुस्तक ते घेणार नाहीत, रामोजीराव. नावावरनं कुणाचं ते कळू नये आणि नाव वाचून मात्र उघडावंसं वाटावं, असं काही करा.”

एवढं बोलून ते इतके दमले की मी त्यांना पाणी दिलं.

त्यांनी स्वतः योजलेलं नाव असं होतं: ‘मलाया, सिलोन वगैरे परद्वीपस्थ देशांतील रबर, चहा, नारळ इत्यादिकांच्या मळ्यांत भांडवल गुंतवू इच्छिणाऱ्या सद्गृहस्थांस सप्रमाण माहिती व सूचना’. आता मुखपृष्ठासाठी आमच्याकडे मोठ्या लाकडी अक्षरांचा एकच संच होता, पुण्याच्या एका मोडलेल्या छापखान्यातून घेतलेला. त्यात काना वेगळा लावावा लागे आणि काने होते फक्त सहा. त्यातला एक उंदरांनी कुरतडून वेलांटीसारखा केला होता. म्हणजे कुठल्याही पुस्तकाचं नाव पाच कान्यांच्या आत बसवावं लागे. व्यंकटरावांच्या नावातले काने मी मोजायला लागलो आणि दहाच्या पुढे सोडून दिले.

नाव पारखायची माझी एक रीत होती. छापखान्याच्या दारावर एक पाटी टांगलेली असे, तिच्यावर खडूनं नाव लिहायचं आणि वाचणाऱ्याला विचारायचं, या पुस्तकात काय असेल? पुस्तक माणूस बसून वाचतो, नाव तो उभ्यानं वाचतो, म्हणून उभ्या माणसालाच विचारावं हे माझं मत. मोहल्ल्यात जुन्या मराठी कुटुंबांची घरं पुष्कळ, त्यामुळे वाचणारे मिळत. मात्र आमचं मराठी कन्नडात भिजलेलं. घरात एक वाक्य मराठीत सुरू करतो आणि संपतं कुठल्या भाषेत ते त्या वाक्यालाच ठाऊक.

व्यंकटरावांचं लांब नाव मी पाटीवर बारीक अक्षरांत लिहिलं. पहिला वाचक टोपली खाली ठेवून शेवटपर्यंत वाचून विचारता झाला की अर्ज कुणाकडे द्यायचा आणि शेवटची तारीख कुठली. दुसऱ्यानं निम्म्यावर सोडून, हे कुणाचं मृत्युपत्र, असं विचारलं. ते नाव पुसलं.

मग शिवण्णा आले. त्यांनी विचारलं, “एनु रामोजी, हेसरु सिक्ता?” म्हणजे नाव सापडलं का. नाही म्हटल्यावर त्यांनी स्वतःच कन्नडात एक सुचवलं, मराठीत ते झालं ‘रबराचं सोनं’. हे नाव ऐकून व्यंकटराव इतके पांढरे पडले की मला वाटलं ताप आला. तरी पाटीवर लिहिलं. दुपारी एक सोनार आत येऊन हळूच विचारू लागला, पुस्तकात कृती पूर्ण दिली आहे का, आणि रबर किती घ्यावं लागतं. पुस्तक निघण्याआधीच एक प्रत राखून ठेवायला सांगत होता. शिवण्णा म्हणाले, बघ, गिऱ्हाईक आलं. मी ते नाव पुसलं.

मग मी डोकं लढवलं. ‘न पाहिलेली जमीन’. माझ्या मते हे नाव उत्तम होतं आणि अजूनही आहे. पाटीवर लिहून अर्धा तास झाला नाही तोच महसूल खात्याचा एक कारकून आत येऊन उभा राहिला. त्यानं विचारलं, कुठली जमीन? पुस्तकाचं नाव आहे म्हटलं. तो म्हणाला, असेल, पण म्हैसूर संस्थानात आमच्या खात्यानं न पाहिलेली जमीन नाही आणि कुणी दडवून ठेवली असेल तर तिचा सर्व्हे नंबर सांगा. त्याला कॉफी पाजून परत पाठवावं लागलं. नंतर दोन दिवस तो येता-जाता आत डोकावून पाहत होता. शिवण्णांना पुन्हा कचेरीच्या पायऱ्या दिसू लागल्या आणि त्यांनी ते नाव स्वतःच्या उपरण्यानं पुसलं.

त्यानंतरचं नाव साधंसुधं होतं, ‘समुद्रापारचे मळे’. पुण्याच्या माणसाला यात काही खटकणार नाही. पण कन्नडात ‘मळे’ म्हणजे पाऊस. त्या वर्षी पाऊस लांबला होता. सकाळी पाटी लावली आणि दुपारपर्यंत छापखान्यासमोर माणसं जमली. समुद्रापारच्या पावसाचं पुस्तक निघतंय, त्यात यंदाचा पाऊस कधी येणार ते दिलंय, असं बाजारात पसरलं होतं. मेटगळ्ळीचे दोन शेतकरी बैलगाडी सोडून आत आले. मराठी त्यांना येत नव्हतं, कुणीतरी पाटी वाचून दाखवली होती. त्यातल्या म्हाताऱ्यानं हात जोडून विचारलं, “स्वामी, मळे बरुत्ता?” पाऊस येईल का. त्याचा चेहरा पाहून, हे मराठी मळे आहेत, कन्नड नव्हेत, असं सांगायला माझी जीभ रेटेना. येईल, म्हणालो. तिसऱ्या दिवशी पाऊस आला. त्या म्हाताऱ्यानं छापखान्यात फणस आणून दिला आणि पुढची चार वर्षं तो दर उन्हाळ्यात येऊन मला पाऊस विचारत असे.

अशी चार नावं वाया गेली. तिकडे खंडेरावांचा शेतीचा सौदा ठरत आला होता. व्यंकटराव रोज येऊन बाकावर बसत, घाम पुसत, निघून जात. एका दुपारी त्यांनी सांगितलं की मामा पुढच्या महिन्यात कागद करणार. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, “शेवटी सगळा तोटाच.”

पलीकडे शिवण्णा कागदाचे गठ्ठे मोजून घेत होते. ते एकदम वळून म्हणाले, “यार तोट?”

मराठीत तोटा म्हणजे नुकसान, हे वाचकांना सांगायला नको. पण कन्नडात ‘तोट’ म्हणजे मळा, बाग. कॉफीची तोट, नारळाची तोट. कन्नड माणूस शेवटचा अकार पुरता उच्चारतो, त्यामुळे कानाला दोन्ही शब्द सख्खे जुळे वाटतात. शिवण्णांच्या एका चुलत भावाची कॉफीची तोट होती, तिचीच गोष्ट निघाली असं त्यांना वाटलं होतं. कुणाची तोट, असं ते विचारत होते.

मी खडू घेतला आणि पाटीवर लिहिलं, ‘समुद्रापारचा तोटा’.

शिवण्णांनी अक्षर लावून मोठ्यानं वाचलं. समुद्र त्यांना कळला, पार कळला, तोट तर घरचीच. त्यांचा चेहरा फुलला. म्हणाले, समुद्रापलीकडची तोट, इतकं सोपं नाव इतके दिवस का नाही सुचलं. व्यंकटरावांनी मराठीत वाचलं. सात वर्षांत पहिल्यांदाच हसल्यासारखे ते हसले, आणि हसताना त्यांना खोकला आला.

काने मोजले. पाच. कुरतडलेल्याला हात लावावा लागला नाही.

इथं माझी चूक झाली. त्याच क्षणी शिवण्णांना सांगायला हवं होतं की मालक, याचा अर्थ मराठीत वेगळा आहे आणि पुस्तकही तुम्हाला वाटतं तसं नाही. पण पुस्तक एजंटाच्या धंद्याविरुद्ध आहे असं कळलं असतं तर त्यांनी निंदेच्या भीतीनं ते छापलंच नसतं. पुस्तकात काय आहे, असं त्यांनी मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, परमुलखातल्या तोटांची सगळी माहिती आहे. हे खोटं नव्हतं. पण खरं बोलणाऱ्या माणसाला जसं मोकळं वाटतं, तसं मला वाटलं नाही.

रात्रंदिवस न खपता, पण नेहमीपेक्षा पुष्कळ घाईनं आम्ही पुस्तक छापलं. व्यंकटरावांनी पहिली प्रत मामांच्या घरी मामींच्या हाती पोचवली. भाच्यानं आणलेली म्हणून मामांनी ती नावही न वाचता दाराखालची फट बुजवायला सरकवली, असं मामींनी कळवलं. आमचा सगळा उद्योग दाराखाली गेला.

आणि मग एजंट छापखान्यात आला, पत्रकांच्या कामासाठी. नव्या पुस्तकाचा गठ्ठा पाहून त्यानं विचारलं हे काय. त्याला देवनागरी येत नव्हती. शिवण्णांनी त्याला अभिमानानं नाव वाचून दाखवलं आणि अर्थही सांगितला, समुद्रापलीकडची तोट, मराठीत अशी माहिती पहिल्यांदाच येते आहे, आमच्या रामोजीनं स्वतः तपासली आहे. एजंटानं माझ्याकडे पाहून मान लववली. मी खिळ्यांच्या पेटीत काहीतरी शोधू लागलो. त्याला म्हैसुरातली मराठी गिऱ्हाइकं हवीच होती, पण त्यांना द्यायला त्याच्याकडे मराठीत काही नव्हतं. त्यानं पन्नास प्रती उचलल्या आणि म्हैसुरातल्या मराठी पेन्शनरांच्या घरी स्वतः टांग्यातून फिरून भेट दिल्या. त्यातली एक खंडेरावांना.

भाच्याचं पुस्तक न घेणाऱ्या खंडेरावांनी एजंटाचं पुस्तक दोन्ही हातांनी घेतलं, डोळ्यांना लावलं. मग नाव वाचलं. ‘समुद्रापारचा तोटा’. मामींनी नंतर सांगितलं की ते पुस्तक त्यांच्यापुढे धरून म्हणाले, “काय प्रामाणिक माणूस आहे बघ. धंदा करतो आणि तोट्याचं पुस्तक स्वतः आणून देतो. असल्या माणसाकडे डोळे झाकून पैसा द्यावा.” म्हणजे आमच्या पुस्तकामुळे त्यांचा विचार पक्का झाला. हे ऐकून व्यंकटराव बाकावर आडवे झाले.

पण देणाऱ्याला मान म्हणून खंडेराव ते पुस्तक वाचायला बसले. पागेतला माणूस, एक काम धरलं की पुरं करणारा. चौथ्या प्रकरणात मळ्यावरच्या एका कारकुनाची हकिकत होती. त्याला थंडी वाजून ताप भरलेला, शेजारच्या खोलीतला सोबती सकाळी मेलेला, आणि हा कांबळं पांघरून घरी पत्र लिहितो, ‘मी खुशाल. येथील हवा आपल्या चामुंडीच्या डोंगरावरील हवेसारखी. मामांनी पाठविलेले लोणचे अजून पुरते आहे.’ खंडेरावांनी पुस्तक मिटलं, पेटीतून जुनी पत्रं काढली आणि ते पत्र शोधलं. शब्दन् शब्द तोच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते छापखान्यात आले. पल्लेदार मिशा, पायात पागेतले जुने बूट. व्यंकटराव नेहमीच्या बाकावर होते, ते उठून उभे राहिले. खंडेराव सरळ भाच्यासमोर गेले. मग म्हणाले, “लोणचं तेव्हा संपलं होतं का रे?”

“पोचलंच नव्हतं, मामा,” व्यंकटराव म्हणाले.

खंडेरावांनी मिशीवरून हात फिरवला आणि खिशातून रुमाल काढून भाच्याचा घाम पुसला. एवढंच. शेती विकली नाही. त्या वर्षी मामींनी घातलेलं सगळं लोणचं व्यंकटरावांकडे गेलं, आणि आंबट चालत नसताना त्यांनी ते खाल्लं.

पुस्तक वाचून आणखी किती मराठी पेन्शनर वाचले ते मला ठाऊक नाही, पण एजंटाकडे आमच्या मोहल्ल्यातून कुणी फिरकेना. आपण इतकं चांगलं पुस्तक वाटलं तरी असं का, हे कोडं त्याला सुटलं नाही. तो कंटाळून गाव सोडून गेला. मी खुशीत होतो. नावानं काम केलं, म्हणून स्वतःची पाठ थोपटत होतो.

वर्ष दीड वर्षानं शिवण्णा एका दुपारी माझ्याजवळ येऊन बसले. आवाज लहान झाला होता. त्यांनी सांगितलं की त्या कंपनीकडून आता पत्राला उत्तर येत नाही. मला कळेना, त्यांचा काय संबंध. मग कळलं. एजंट जाण्याआधी त्यांनीही भाग घेतले होते. आपल्या मुलासाठी छपाईचं नवं यंत्र घ्यायला ठेवलेला पैसा त्यात गेला होता. मी विचारलं, मालक, कशावर विश्वास ठेवून घेतले. ते साधेपणानं म्हणाले, तुझ्या पुस्तकावर. इतकं मोठं पुस्तक आपणच छापलं, तू तपासलंस, एजंटानं वाटलं, पेन्शनरांनी घेतलं. म्हणून खात्रीची तोट असेल असं धरलं.

मी त्या दिवशी त्यांना सगळं सांगितलं. नावाचा मराठी अर्थ, पुस्तकातला मजकूर, माझं गप्प बसणं, सगळं. ऐकून ते उठून घरी गेले. मी माझी पेटी आवरली, कारण उद्या नोकरी राहणार नाही हे नक्की होतं आणि ते बरोबरच होतं.

सकाळी ते नेहमीच्या वेळी आले, विभूती लावून. माझ्यासमोर ‘समुद्रापारचा तोटा’ ठेवलं आणि म्हणाले, “वाचून दाखव. कन्नडात. पहिल्या पानापासून.”

रोज जेवणानंतर तासभर मी वाचत होतो आणि जागच्या जागी कन्नड करत होतो. जळवांच्या प्रकरणाला ते पोट धरून हसले. तीन मळ्यांच्या एकाच फोटोची गोष्ट आली तेव्हा, तो कुत्रा मीही पाहिलाय, म्हणाले. लोणच्याच्या पत्राला डोळे पुसले. शेवटचं पान झाल्यावर म्हणाले, हे तू मला आधी वाचून दाखवलं असतंस तर मी छापलं नसतं, हे खरं. आणि छापलं नसतं तर खंडेरावांची शेती गेली असती, माझा पैसा वाचला असता. यात काय चांगलं काय वाईट ते देवाला विचार, मला यंत्राचं बघू दे. पण हे कन्नडात निघालं पाहिजे, आणि या वेळी नाव मी ठेवणार.

कन्नड पुस्तक त्यांनी स्वतःच्या खर्चानं काढलं. नाव ठेवलं, ‘नोडी, आमेले कोडी’. म्हणजे पाहा, मग द्या. मी पाटीवर लिहून पारखूया म्हणालो, तर ते म्हणाले, तुझी पाटी फार झाली. नावात गैरसमजाला जागाच नाही.

पुस्तक असं खपलं की आम्हाला दुसऱ्यांदा छापावं लागलं. रबराची हवा तोवर ओसरली होती, म्हणून मला नवल वाटे. एके दिवशी नंजनगूडकडचे एक गृहस्थ मुद्दाम गाडी करून आभार मानायला आले. त्यांनी सांगितलं की पुस्तक मुलीचं स्थळ कसं पाहावं यावर आहे असं समजून घेतलं. पाहा, मग द्या, असं नाव म्हटल्यावर दुसरं काय समजणार. आत मलाया, रबर, ताप आणि जळवा पाहून पहिल्यांदा फसल्यासारखं वाटलं, पण पैसे दिले होते म्हणून पुरं वाचलं. वाचून झाल्यावर ते उठले आणि मुलीला सांगून आलेल्या मुलाची कोडगातली कॉफीची तोट पाहायला स्वतः गेले. दोन दिवस बैलगाडीत, एक दिवस पायी. त्या नावाची तोट होती, पण ती दुसऱ्याची. मुलगा तिथं हिशेबनीस होता, तोही गेल्या वर्षीपर्यंत.

शिवण्णांनी त्यांना बसवून घेतलं, कॉफी मागवली, आणि मुलीचं पुढे काय, असं काळजीनं विचारलं. दुसरीकडे दिली, ते म्हणाले, म्हैसूरच्याच एका शाळामास्तराला, घर आणि शाळा दोन्ही पाहून. कॉफी संपवून ते उठले, दारापर्यंत गेले आणि परत फिरले. धाकटी अजून द्यायची आहे, म्हणून आणखी एक प्रत घेऊन गेले.